तोंड साफ झालं की

“अगंबाई! तोंडाचं पार कारलं झालंय की हिच्या!”

मी अजून बूटही काढले नव्हते. पुण्याहून जामखेडपर्यंत एसटीनं हाडं खिळखिळी केली होती, आणि दारात स्वागताला कोण, तर शकूआत्या. वडिलांची थोरली बहीण. या बाईनं कुणाला ‘कसा आहेस’ म्हणून विचारल्याचं मी जन्मात ऐकलं नाही. आधी माणसातली खोट काढायची, मग पाणी विचारायचं, हा तिचा खाक्या.

“हिच्या नाही, याच्या,” मी म्हणालो.

“तेच ते. नाव बदललं म्हणून तोंड बदलतं होय? आणि बदललंच तर हे असं!”

तोंड बदललं होतं, हे मात्र खरं. जन्मदाखल्यावर मी मुलगी. माझ्या लेखी कधीच नव्हतो. निनाद हे नाव मी स्वतः निवडलं, आणि या भेटीच्या सुमाराला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू करून मला वर्ष होत आलं होतं. आवाज फुटला, मिसरूड फुटली, आणि त्यांच्याबरोबर फुकटात आल्या पुळ्या. पहिली पुळी हनुवटीवर आली तेव्हा मी येड्यासारखा खूश झालो होतो. शंभरावी आली तेव्हा नव्हतो. गाल, कपाळ, मान, पाठ, खांदे, काही म्हणून शिल्लक नाही. आत गाठ धरायची, पिकायची, ठणकायची. सत्ताविसाव्या वर्षी मी नववीतल्या पोराचं तोंड घेऊन ऑफिसला जात होतो. माझ्या पुण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, “दुसऱ्यांदा वयात येतोयस बाबा तू. बऱ्याच जणांना होतं असं, वर्ष-दोन वर्षांत ओसरतं. मलम लाव, गोळ्या घे, फोडू नकोस. आणि मला विचारल्याशिवाय इंजेक्शन थांबवायचं नाही.” शहाणी बाई होती. मी तिचं ऐकायला हवं होतं.

घरी आलो होतो ते केतकीच्या लग्नाची बोलणी करायला. केतकी माझी धाकटी बहीण. पैठणच्या डहाळ्यांच्या तुषारशी तिचं जमलं होतं. मुलगा इंजिनियर, घरचं सोन्याचं दुकान, आम्हीही सोनारच, त्यामुळे आमच्या घरात सगळे जमिनीवरून चार बोटं वर चालत होते. बैठकीत मानपान ठरत होता. कोणाला आहेर, कोणाला पोशाख, वरातीला कोण. मी गप्प ऐकत होतो, कारण मला एकाच गोष्टीत रस होता.

“कानपिळीला हर्षल,” आई म्हणाली.

हर्षल म्हणजे शकूआत्याचा दिवटा. लग्नात होमापुढं नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या आणि नवऱ्याचा कान पिळून त्याला दम भरायचा, हा नवरीच्या भावाचा मान. लहानपणी बाहुला-बाहुलीच्या लग्नातसुद्धा तो मी कुणाला दिला नव्हता. केतकी बाहुली धरायची आणि मी बाहुल्याचा कापडी कान उपटून काढायचो.

“हर्षल कशाला? मी आहे ना सख्खा.”

वडिलांनी पेपरचं पान उलटलं. सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग एकजात माझ्या तोंडाकडे.

“तसं नाही गं बाळ,” आई म्हणाली. “पण फोटो असतात. व्हिडिओवाला अगदी जवळून घेतो. आयुष्यभराची आठवण असते ती.”

“आणि पाहुणे विचारतील ना, हे काय आलंय म्हणून,” आत्या म्हणाली. “लागट आहे का, काय आहे! ओवाळायलासुद्धा बायका जवळ येणार नाहीत.”

“म्हणजे अडचण फक्त पुळ्यांची आहे?”

“दुसरी कसली?” आई म्हणाली.

“बाबा?”

बाबांनी पेपरातून ‘हं’ केलं. आयुष्यात तोळा-मासा-गुंजेत चूक न करणारा हा माणूस. घरात मात्र त्याच्या तोंडून कधी गुंजभर शब्द पडला नाही.

“मग पुळ्या गेल्या तर मी करणार कानपिळी. चालेल?”

“तोंड साफ झालं की तूच कर,” आई म्हणाली. “मी कुठं नको म्हणते?”

“शपथ?”

“तुझी शपथ!” असं म्हणून तिनं स्वतःच्या गळ्याला चिमटा घेतला. आत्यानं तोंड वाकडं केलं, कारण मुलाला मिळणारा आहेर डोळ्यांदेखत चालला होता.

दुसऱ्याच दिवशी आई मला नगरला एका त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. हा इसम नाकानं कांदे सोलणाऱ्यांतला. मी समोर बसलेलो, पण बोलणं सगळं आईशी. मी सांगत होतो, कुठली गोळी चालू आहे, कुठलं मलम, आणि तो माझ्याकडे पाहत होता ते केबिनमध्ये मांजर शिरल्यासारखं.

“बाई, मलमं-बिलमं सगळं वरवरचं,” तो म्हणाला. “मुळावर घाव घाला. ती इंजेक्शनं बंद करा. दोन-तीन महिन्यांत चेहरा आरशासारखा होईल.”

“इंजेक्शन चालू ठेवूनही पुळ्यांवर औषध देता येतं,” मी म्हणालो. “पुण्याच्या डॉक्टर—”

“मग पुण्याला जा,” तो म्हणाला.

“आणि बाकीचं?” आईनं हळूच विचारलं. “बाकीचंही जाईल का?”

“बरंचसं येईल जागेवर.”

आईनं बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजला. माझ्यासाठी स्वतःहून काही विकत घेऊन तिला किती दिवस झाले होते, ते मला आठवेना.

तरीही मी काही लगेच मान डोलावली नाही. मान डोलावायला लावली ती केतकीनं. संध्याकाळी गच्चीवर तिनं मला गाठलं. गच्चीवर ती मला दादा म्हणायची, जिना उतरला की अळीमिळी गुपचिळी. घाबरट लेकाची! सासरच्यांना आमच्या घरानं काय सांगितलं होतं, तर थोरली मुलगी पुण्यात नोकरी करते, लग्न करायचं नाही म्हणते. आणि ही बया ते ऐकत चहाचे कप उचलत होती.

“दादा, दोनच महिन्यांचा तर प्रश्न आहे,” ती म्हणाली. “नंतर परत सुरू कर. मला होमापुढं तो हर्षल नकोय रे. तू हवायस.”

“मग खाली सांग ना हे.”

“तू ओळखतोस ना सगळ्यांना!”

ओळखत होतो. पण तिला रडताना बघवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला तो कान हवा होता. एकदा सगळ्या गणगोतासमोर, गुरुजींनी ‘नवरीचा भाऊ’ म्हणून हाक मारली की मी उठायचं. माझं दोन वर्षांचं भांडण त्या एका उठण्यात संपणार होतं. मी इंजेक्शन बंद केलं. डॉक्टरबाईंना विचारलंही नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सांगवत नाही, पण सांगतो. महिन्याची ती कटकट, जी कायमची गेली असं मी धरून चाललो होतो, ती ऑफिसात, पांढऱ्या खुर्चीवर बसलेलो असताना परत आली. पुरुषांच्या संडासात कडी लावून मी तोंडात रुमाल कोंबून रडलो. कशातच जीव लागेना. जिममधलं उचललेलं वजन खाली ठेवून घरी यायचो आणि भिंतीकडे तोंड करून पडायचो. पण तोंड मात्र साफ होत गेलं. गाठी बसल्या, लाली ओसरली, डाग पुसट झाले. आई दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची आणि म्हणायची, “जरा उजेडात ये बाळ. हा गाल दाखव. आता तो दाखव.” गुरं बघायला आलेला व्यापारीसुद्धा इतकं निरखत नाही. मला मात्र वाटायचं, चला, आई विचारपूस करायला लागली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी कार्यालयात पोचलो. बायकांच्या खोलीतून आई धावत बाहेर आली, दोन्ही हातांत माझं तोंड धरलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. तिच्या डोळ्यांत चक्क पाणी.

“कशी गं गोड दिसायला लागलीस! दृष्ट लागेल.”

“कुर्ता आणलाय मी,” मी म्हणालो. “आणि फेटा इथं मिळेल ना?”

“अगं, आत तर ये.”

आत कॉटवर जांभळी पैठणी पसरली होती. शेजारी बांगड्या, गजरा, मोत्याची नथ. मला वाटलं केतकीचं सामान असेल.

“तुझ्यासाठी,” आई म्हणाली. “उद्या करवली व्हायचं. केतकीच्या मागं कलश घेऊन उभी राहा. दाढी तेवढी पहाटे नीट करून घे, वरून पार्लरवाली लावील जाडसर थर. आणि बोलायचं मात्र नाही हं फारसं. कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हणून सांगू.”

मी खुळ्यासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ही बाई वेडी नव्हती. हिनं हिशेबानं, गोड बोलून, उसाचा रस पाजून हे केलं होतं.

“तू शपथ घेतली होतीस, आई.”

“शपथ काय! तुझ्याच भल्याचं आहे. एवढं छान तोंड निघालंय, ते काय त्या कुर्त्यात वाया घालवायचं?”

“तोंड साफ झालं की कानपिळी तुझी, असं म्हणाली होतीस.”

“हळू बोल,” ती म्हणाली. “पाहुणे आलेत. सीमांतपूजनाची वेळ झाली. साडीचं आपण रात्री बघू.”

बाहेर ताशे वाजायला लागले. डहाळ्यांची मंडळी दारात आली होती. मीही बधिर होऊन बाहेर जाऊन उभा राहिलो. मी तुषारला त्याआधी एकदाच, लांबून, फोटोत पाहिला होता. जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. आणि काय सांगू, नवरदेवाच्या तोंडावर पुळ्या! एक नाही, दोन नाही, गालभर. मानेवर पिकलेल्या, कपाळावर फुटलेल्या, आणि त्यांच्या खाली कॉलेजातले जुने खड्डे. माझं तोंड वाईटात वाईट असताना जेवढं होतं तेवढंच त्याचं होतं. व्हिडिओवाला अगदी जवळून घेत होता. बायका ओवाळत होत्या, गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडत होत्या. लागट आहे का, हे कुणीही विचारत नव्हतं.

“जागरणं झाली हो, उष्णता पडली तोंडावर,” त्याची आई आपणहून म्हणाली.

“अहो चालायचंच!” शकूआत्या खिदळली. “पुरुषाचं तोंड कोण बघतंय? पुरुषाचं कर्तृत्व बघायचं.”

आपला तो बाब्या म्हणतात, पण हा तर अजून पुरता आपला झालाही नव्हता. मी आईला दंडाला धरून बाजूला, भटारखान्याच्या दाराशी नेलं.

“त्याच्या तोंडाकडे बघितलंस?”

“काय झालं?”

“पुळ्या आहेत. माझ्यासारख्या. फोटो खराब होणार नाहीत?”

“काहीतरीच काय! तो पुरुष आहे.”

तिनं ते इतक्या सहज म्हटलं की म्हणून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. पण आई माघार घेणाऱ्यांतली नव्हे. तिनं पदर खोचला.

“हो, स्पष्टच सांगते. खरा मुलगा असतास तर आल्या असत्या पुळ्या, गेल्या असत्या. मुलाच्या पुळ्यांसाठी कुठली आई नगरला खेटे घालते? मला माझी मुलगी परत हवी होती. तोंड तर परत आलं. बाकीचंही येईल, तू जरा धीर धरलास तर.”

भटारी कढईत बुंदी पाडत होता. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि त्या सबंध कार्यालयात मला तेवढाच एक सभ्य माणूस भेटला.

मला आईचा राग आला, पण त्याहून जास्त किळस आली ती स्वतःच्या स्वच्छ गालांची. ज्या पुळ्यांना मी शिव्या घातल्या होत्या, त्या बिचाऱ्या माझ्या बाजूच्या होत्या. मी त्यांना हाकलून दिलं होतं, आणि कुणाच्या सांगण्यावरून, तर या ढोंग्यांच्या. तोंड खराब म्हणून भाऊ नाही, आणि तोंड साफ झालं की बहीण. माझ्या तोंडाला अशी पानं पुसली होती त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी दाढी केली नाही. कुर्ता घातला, फेटा बांधून घेतला आणि पुरुषांच्या रांगेत मागं जाऊन बसलो. आई दोनदा लांबून डोळे वटारून गेली. हर्षल नवरदेवापेक्षा भारी शेरवानी घालून पुढच्या रांगेत मिरवत होता. अक्षता पडल्या, माळा पडल्या, होम पेटला.

“नवरीचा भाऊ!” गुरुजींनी हाक मारली. “चला लवकर. मला पुढं खर्डा गावचं लग्न गाठायचंय.”

हर्षल उठला. त्यानं लाह्यांचं सूप हातात घेतलं. मी मागून चालत गेलो आणि सुपाला हात घातला.

“दे इकडे.”

“मामींनी मला सांगितलंय,” तो म्हणाला.

“मामींचं मी बघतो. तू जा, आईस्क्रीम संपेल.”

तो सूप सोडेना, मी सोडेना. लाह्या सांडायला लागल्या. मांडवात कुजबुज सुरू झाली.

“अहो, भाऊ कोण ते घरून ठरवून यायचं असतं!” गुरुजी वैतागले. “धुरानं माझे डोळे चाललेत. कोण आहे भाऊ?”

बाबा उपरण्याच्या टोकाशी खेळत होते. आई ओठ चावत होती. आणि केतकी म्हणाली, “हा. गुरुजी, हा माझा दादा आहे. हर्षल, सूप दे त्याला.”

बाईसाहेबांना तोंड उघडायला साक्षात अग्नीच साक्षीला यावा लागला! पण उघडलं. मी तिच्या ओंजळीत लाह्या घातल्या. तिनं होमात टाकल्या.

“हं, आता कान,” गुरुजी म्हणाले.

कान पिळायचा म्हणजे नुसतं धरल्यासारखं करायचं असतं. सगळे हसतात, नवरा पाकीट देतो, संपलं. मी धरला तो असा की तुषार पाटावरून अर्धा उठला. कानाच्या पाळीमागं त्याला एक पिकलेली पुळी होती. माझ्या अंगठ्याखाली ती आली, आणि तिथली पुळी कशी मस्तकापर्यंत ठणकते ते या मांडवात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मी अंगठा हलवला नाही.

“आई आई आई! सोड की रे!”

मांडव हसला.

“काय पाहिजे ते माग,” तुषार कळवळून म्हणाला. “घड्याळ आहे, पाकीट आहे. पण सोड!”

“तुझ्याकडून काही नको. तू भला माणूस दिसतोस,” मी म्हणालो. “मला आईकडून पाहिजे.”

आई पुढं आलीच होती. “पुरे झालं. सोड आता. लोक बघतायत.”

“कुणाला सांगतेस?”

“तुला!”

“मला नाव आहे. नाव घे, सोडतो.”

दोन वर्षांत ते नाव तिनं एकदाही उच्चारलं नव्हतं. ‘बाळ’, ‘अगं’, ‘इकडे बघ’ यांवर तिनं दोन वर्षं काढली होती. तिचे ओठ घट्ट मिटले.

“काय हा मेला अगोचरपणा!” शकूआत्या ओरडली.

“अहो, लग्नात नाव घ्यायला काय लाजायचं?” गुरुजी म्हणाले. “घ्या आणि मोकळ्या व्हा. उशीर होतोय.”

मी कान आणखी थोडा फिरवला. तुषारच्या डोळ्यांतून पाणी आलं. आता मांडवात कुणी हसत नव्हतं. त्याची आई ताडकन उठून आली. तिला मी कोण, कुठला, कशाची पंचाईत आहे, यातलं काडीचं माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. तिला तिच्या मुलाचा कान हवा होता.

“अहो विहीणबाई, कान तुटायची वेळ आली माझ्या लेकाचा! काय असेल ते नाव घ्या ना एकदाचं! स्वतःच्या पोराचं नाव येत नाही का तुम्हाला?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला परत मिळालेल्या त्या स्वच्छ तोंडाकडे.

“निनाद,” ती पुटपुटली.

“ऐकू नाही आलं,” मी म्हणालो.

“निनाद!” ती अशी ओरडली की सनईवाला वाजवायचा थांबला. “सोड रे त्याला!”

मी सोडला, पण जरा सावकाशच.